भिंतीकडे तोंड करून पडलेले सर

अजूनही अधूनमधून कुणीतरी आमचं फाटक वाजवतं आणि आवाज खाली घेऊन विचारतं, "प्रेमाचे डॉक्टर इथंच राहतात का?" मी सांगते, राहत होते, आता नाहीत. मग तो माणूस जरा घुटमळतो. मलाच काही सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं, ते मला दिसतं. मी फाटक लावून घेते.

प्रेमाबद्दल मला काही विचारू नये. मी चौथी शिकले, लग्न होऊन लातूरला आले. नवरा अडतीवर मुनीम होता. तो गेला, घर मागं राहिलं. वरच्या खोल्या मी ट्यूशनच्या पोरांना दिल्या, त्यांना डबाही मीच देते. खाली रस्त्याकडची खोली सरांना दिली होती.

सर डॉक्टर नव्हतेच. उदगीरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. उंच, वाकलेले, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. खोली बघायला आले तेव्हा पुस्तकांची पोती रिक्षातच होती. मी विचारलं, "घर कुठं?"

"नांदेडला."

"मंडळी?"

"नांदेडलाच. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आता निवृत्त."

"मग लातुरात खोली कशाला?"

"आक्का, मला घरातून काढलंय," सर म्हणाले. रक्तगट सांगावा तसं सांगितलं.

"काय केलं तुमी?"

"चहावरून झालं."

पिणाऱ्याला मी खोली देत नाही. चहावरून काढलेल्याला द्यायला हरकत नव्हती. पण काय झालं ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. पोती उतरवता उतरवताच मी त्यांच्याकडून ते काढून घेतलं.

झालं होतं ते असं. सर लहान असताना त्यांची आई चहा कपातून बशीत आणि बशीतून परत कपात ओतायची. तिकडं सीमेवर कानडी बोलणारी बाई ती. वरून धार धरायची, फुंकर घालायची आणि मग त्यांच्या हातात द्यायची. सर शाळेत जायच्या आधीच ती वारली. पुढं लग्नासाठी मुलगी बघायला गेले. मुलीनं चहा आणला, तो फार कढत होता. मुलीनंच पुढं होऊन तो बशीत ओतला, फुंकला आणि बशी यांच्याकडं सरकवली. सरांनी तिथंच होकार दिला. त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील. निवृत्त होऊन घरी बसल्यावर सरांना या दोन बशा एकमेकींना जोडता आल्या. एवढा मोठा शोध लागला म्हणून ते धावत स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला म्हणाले, "अगं, मी तुझ्या प्रेमात पडलोच नव्हतो! मला आई सापडली होती!"

बाईंनी गॅस बंद केला. विचारलं, "मग इतकी वर्षं या घरात मी कोण होते?"

"यावर तुम्ही काय बोललात?" मी विचारलं.

"म्हणालो, प्रश्न चांगला आहे."

बाईंनी त्यांची बॅग भरून दारात ठेवली. म्हणाल्या, मी कोण ते सांगता येईल त्या दिवशी या.

म्हणून सर माझ्याकडं राहायला आले. दर रविवारी सकाळच्या एसटीनं ते नांदेडला जात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येत. जाताना शेंगदाण्याची चटणी आणि एक उत्तर घेऊन जात. चटणी बाई ठेवून घेत. उत्तर फाटकातूनच परत येई.

"आज काय सांगून आलाव?" मी विचारायची.

"तू माझ्या मनाचा मला न दिसणारा भाग आहेस, असं सांगितलं."

"मग?"

"फाटक लावलं."

पुढच्या रविवारी म्हणे, तू माझ्या अपूर्ण इच्छेची आकृती आहेस, असं सांगितलं. तेव्हा बाईंनी चटणीसुद्धा परत दिली.

आठवड्याचे बाकीचे दिवस ते दुसऱ्यांची प्रेमं सोडवायचे. मनोविश्लेषण म्हणायचे त्याला. हा शब्द मला नीट म्हणता येईपर्यंत निम्मा पावसाळा गेला. फाटकावर पाटी लावली होती: 'प्रेमाच्या तक्रारी ऐकल्या जातील. सल्ला आणि औषध मिळणार नाही.' मला वाटलं, अशी पाटी वाचून कोण येईल? पण लोक आले. भाजी आणली, गूळ आणला, एकानं आपल्या रानातली टरबुजं आणून टाकली.

सरांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. माणूस ज्या घरात पहिल्यांदा डोळे उघडतो, तिथली माणसं त्याच्या आत बसून राहतात. मोठा झाला की तो बाहेर हिंडतो आणि एखाद्याच्या आवाजात, चालण्यात, रागावण्यात त्याला त्यातलं कुणीतरी दिसतं. मग तो म्हणतो, मला प्रेम झालं. हे त्याचं त्याला कळत नाही. आडवं पडून, मनात येईल ते न लपवता बोलत राहिलं तर हळूहळू कळतं. ऐकणाऱ्यानं मागं, दिसणार नाही असं बसायचं आणि गप्प राहायचं. परदेशात असंच करतात म्हणे. तसं करणाऱ्या एका दाढीवाल्या गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो त्यांनी भिंतीवर लावला होता. येणारे बरेचजण आधी त्या फोटोला हात जोडायचे. एका बाईनं तर हार घातला. सरांनी तो काढला नाही. म्हणाले, तिला कुणाचे तरी वडील दिसले असतील.

या कामासाठी त्यांनी गंजगोलाईच्या बाजारातून एक लोखंडी पलंग आणला, त्यावर गादी, उशाशी खुर्ची. आणि पहिल्याच दिवशी सगळं अडलं. वडीलधाऱ्या माणसासमोर कुणी पाय पसरून झोपेना. पोरं म्हणायची, "सर, तुमच्यापुढं आडवं कसं व्हायचं? आमी काय बेशरम हाव का?" बायकांचा तर प्रश्नच नव्हता. जबरदस्तीनं एकाला झोपवला, तर तो पायाच्या दिशेला दाढीवाल्याचा फोटो आहे म्हणून उठला. सरांनी पलंग फिरवला, तर पाय आतल्या देव्हाऱ्याकडं गेले.

तीन-चारजण असेच उठून गेल्यावर सर एक दिवस स्वतःच पलंगावर चढले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. म्हणाले, "बसा खुर्चीवर. मी तुम्हाला दिसतो, तुम्ही मला दिसत नाही. चालू करा."

माणूस चालू झाला. नुसता चालू नाही, पाण्याचा टँकर उघडावा तसा चालू झाला. म्हातारा माणूस पाठ करून पडलेला, तो बघत नाही, रागावत नाही. अशा पाठीशी आमच्याकडची माणसं काय वाटेल ते बोलतात. तेव्हापासून तीच रीत पडली. नवीन येणाऱ्यांना वाटायचं सर आजारी आहेत. ते सफरचंदं घेऊन यायचे.

मीही त्या खोलीत असायची. बायका येऊ लागल्यावर मी सरांना सांगितलं होतं, माझ्या घरात बंद दाराआड बाईमाणूस चालणार नाही, लोक बोलतील. मग मी उंबऱ्यात सूप घेऊन डाळ निवडत बसायची. ऐकायचं नाही असं ठरलं होतं. कान काय मी काढून ठेवणार होते?

सरांचं मन कुठं आहे ते मला त्यांच्या पायावरून कळायचं. ऐकताना त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा हलत राहायचा. कामाचं काही निघालं की तो थांबायचा. अंगठा थांबला की मीही डाळ निवडायची थांबायची.

रेणापूरकडचा एक पोरगा मला चांगला आठवतो. त्याला आई आणि मामा घेऊन आले. सर म्हणाले, एकटा बसू द्या. आई म्हणाली, "आमी काय परके हाव का? त्याचं सगळं मालूम हाय आमाला." आणि दोघं जमिनीवर बसले. पोरानं जेवण सोडलं होतं. बँकेतल्या एका मुलीवर जीव जडला होता आणि त्या मुलीला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"कशी आहे ती?" सरांनी भिंतीला विचारलं.

"लई रागीट हाय, सर. सगळ्यांवर खेकसती. सही चुकली की कागद फेकून देती."

"तुमच्यावर?"

"माझ्यावर तर रोजच. मी मुद्दाम चुकवतो."

अंगठा थांबला. सर म्हणाले, "लहानपणी कोण खेकसायचं?"

पोरानं खाली बसलेल्या आईकडं बघितलं. मग म्हणाला, "आत्या." आई सोयाबीनच्या कामात, बाप बाहेर, पोराला आत्यानं वाढवलेलं. जेवला नाही की ती ताट आपटायची आणि मग स्वतः भरवायची. तो सातवीत असताना गेली. एवढं बोलून तो तिथंच हुंदके देऊन रडायला लागला.

खालून आई उसळली. "आन् मी? मी काय मेले होते का? नऊ महिने वागवलं ते कामून?"

"आक्के, गप बस," मामा बहिणीला म्हणाला. "डॉक्टरसाहेब झोपलेत."

त्या दिवशी पोरगा आमच्याकडं चार भाकरी जेवून गेला. पुढं त्यानं त्या बँकेतलं खातं बंद केलं आणि दुसऱ्या बँकेत काढलं. तिथली कॅशियर आणखी तिरसट निघाली. वर्षाच्या आत त्या दोघांच्या लग्नाची पत्रिका आली. मी सरांना म्हटलं, "हे काय हो? तुमच्या इलाजाचं काय झालं?"

सर खुश होते. "आधी तो आत्याला शोधत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. लग्न सोपं जाईल."

जड गेल्याचं ऐकलं नाही. तेव्हा सरांचं सगळंच काही हवेतलं नव्हतं, हे मी मान्य करते.

एकदा ते माझ्याच मागं लागले. पाऊस होता, कुणी आलं नव्हतं. पलंगावर पडूनच म्हणाले, "आक्का, बसा खुर्चीवर."

"मला काय रोग झालाय?"

"रोग कशाला पाहिजे? तुमच्या यजमानांचं पहिलं काय आठवतं?"

"घोरणं."

"आणि तुमच्या वडिलांचं?"

"तेही घोरायचे."

सर पलंगावर उठूनच बसले. "बघा!"

"काय बघा? बाप्ये सगळेच घोरतात. वरची पोरंसुद्धा घोरतात, अजून मिशी फुटली न्हाई तरी."

"यजमान गेल्यावर झोप लागते तुम्हाला?"

मी उठले आणि डाळ घेऊन आत गेले. नवरा गेल्यापासून मी रेडिओ चालू ठेवून झोपते. ते त्यांना सांगायची काही गरज नव्हती.

असं दुसऱ्याचं बरोबर पकडणारा माणूस, पण रविवार आला की पार भुईसपाट. शनिवारपासून पुस्तकं उघडून बसायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, बाईंना सरळ म्हणा ना, तू माझी बायको हायस. संपलं."

"ते तिला माहीत आहे. बायको तर आईसारखीही असते, हेच तर भांडण आहे. आईची वजाबाकी करून खाली काय उरतं, ते तिला पाहिजे."

"मग सांगा काय उरतं ते."

"उरत असेल," सर म्हणाले, "पण तिच्यापुढं उभा राहिलो की मला पुस्तकच आठवतं." हे बोलताना ते मला थकलेले दिसले. एसटीचा प्रवास त्या वयात सोपा नसतो, वाटेतलं लोहा गाव ओलांडेपर्यंत हाडं मोकळी होतात.

अशातच बाईंचा मला फोन आला. आवाज एकदम शाळेतला. म्हणाल्या, "मुलगा पुण्याला कायमचं बोलावतोय. घर भाड्यानं देतेय. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नांदेडच्या दुकानातून मीच पाठवत होते. आता तुम्हाला चिठ्ठी देऊन जाते. लातूरवरूनच पुण्याच्या गाडीत बसणार आहे."

"सरांना सांगू का?"

"काही सांगू नका. ते परत पुस्तकं उघडतील."

मी सांगितलं नाही. पण दोन दिवस मला अन्न गोड लागेना. नांदेडचं घर बंद झालं तर सरांनी रविवारी जायचं कुठं? भाडेकरू जन्मभर राहिला तर मालकिणीला बरंच असतं. तरी मला ते बरं वाटत नव्हतं.

बाई दुपारी आल्या. बुटक्या, ताठ, पांढरी सुती साडी, दोन बॅगा. मी समजत होते एखादी भांडकुदळ बाई असेल. तशी नव्हती. दमलेली होती. खोलीचं दार उघडं होतं आणि सर नेहमीसारखे भिंतीकडं तोंड करून पडले होते. आधीचं माणूस नुकतंच गेलं होतं. पावलं ऐकून सर म्हणाले, "या. बसा खुर्चीवर. मनात येईल ते बोला."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी हातानंच सांगितलं, ही इथली रीतच आहे. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि जाऊन खुर्चीवर बसल्या.

समोरचा बोलेपर्यंत सर कधी बोलत नसत. बाई तर शाळा चालवलेल्या, पोरं आपणहून कबूल होईपर्यंत गप्प बसायची त्यांना सवय. दोघंही गप्प. सरांचा अंगठा हलत होता. पंखा फिरत होता. वर कुणीतरी मोठ्यानं बेडकाचं हृदय पाठ करत होतं. मला ते सहन होईना, म्हणून मी उठून चहा टाकला आणि आणून बाईंच्या हातात दिला.

चहा कढत होता. बाईंनी तो बशीत ओतला. बशीतून परत कपात. वरून धार धरून. मग फुंकर घातली.

सरांचा अंगठा थांबला.

ते वळले नाहीत. मला वाटलं आता उठतील, पण ते तसेच भिंतीकडं बघत पडून राहिले. मग बोलायला लागले, आणि तो त्यांचा रविवारचा आवाज नव्हता.

"चहा आईचा," ते म्हणाले. "ताठ चालणं मामांचं. चिडल्यावर भांडी घासायला घेणं, ते आजीचं. माझ्या बायकोतलं एकेक मी असं ओळखत गेलो आणि मला वाटलं, संपली यादी. पण एक राहिलं. तिला बघायला गेलो तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुम्हाला स्वप्नं कसली पडतात? तिच्या वडिलांना वाटलं, पोरगं वेडं आहे. आणि ती हसली. पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं हसली. आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. आई गेल्यावर नाही, आणि ती असतानाही नाही. ते हसू कुठून आलं म्हणून मी सगळं लहानपण उपसून काढलं. लातुरात आल्यापासून तेच करतोय. कुणाकडंच सापडलं नाही. माझ्याकडं ते आधी नव्हतंच. ते तिनंच आणलं."

माझ्या हातातली डाळ हातातच राहिली.

बाई म्हणाल्या, "याला पुस्तकात काय म्हणतात?"

"माहीत नाही," सर म्हणाले.

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

"मग हे फाटकात का नाही सांगितलं? दर रविवारी आकृती आणि भाग!"

"तू समोर उभी राहून बघायला लागलीस की मी परीक्षेला बसल्यासारखा होतो. पाठ केलेलंच येतं."

"वळा आता."

"थांब, अजून थोडं—"

"वळा म्हणते ना! एवढा पलंग विकत घेतला आणि झोपता मात्र स्वतःच. पेशंट कोण आहे इथं?"

सर वळले. एका कुशीवर इतका वेळ पडल्यानं अर्ध्या चेहऱ्यावर चादरीच्या रेघा उमटल्या होत्या आणि त्या बाजूचे केस उभे राहिले होते. बाईंनी त्यांना बघितलं आणि त्या हसल्या. त्याचं एवढं कौतुक ऐकलं होतं म्हणून सांगते, ते हसणं काही गोड बिड नव्हतं. पत्र्यावर चिंचा पडाव्यात तसं होतं. वरच्या पोराचं बेडकाचं हृदय अर्ध्यातच थांबलं.

पुण्याच्या गाडीचं काय झालं ते मला माहीत नाही. कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी दोन बॅगा, बाई आणि सर नांदेडच्या एसटीत चढले. पुस्तकं मागाहून टेम्पोनं गेली. त्या दिवशीच्या डाळीत खडे राहिले होते. पोरांनी डबे उघडून बोंब मारली.

पलंग त्यांनी माझ्याकडंच ठेवला. तो मी गच्चीवर टाकलाय, पोरं त्यावर कपडे वाळत घालतात. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला नांदेडला गेले तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आले. फाटकावर पाटी नव्हती. दाढीवाल्याचा फोटो होता, पण न्हाणीच्या बाजूच्या बोळात. बाईंनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला आणि मग चहा आणला. कढत होता. त्यांनी सरांचा कप उचलला, बशीत ओतला, परत कपात ओतला, फुंकर घातली आणि त्यांच्यापुढं ठेवला.

सरांनी माझ्याकडं बघितलं. डोळे चमकले. काहीतरी नवीन सुचलेलं स्पष्ट दिसत होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं.

बाईंनी नुसतं बघितलं.

सरांनी त्या उघडलेल्या तोंडानं चहा प्यायला.